वाळूवरचा पिझ्झा

पिझ्झा हा पदार्थ आमच्या पिढीच्या ताटात बराच उशिरा आला. आम्ही शासकीय सेवेत रुजू झालो त्या काळी बडोद्यात बाहेरचे खाणे म्हणजे सेव-उसळ, आणि चैन म्हणजे मसाला डोसा. पुढे केव्हा तरी हातगाड्यांवर एक जाड, पांढुरकी, धड पाव नाही आणि धड भाकरी नाही अशी चकती दिसू लागली. तिच्यावर गोडसर टोमॅटो-सॉस, बारीक चिरलेला कोबी आणि वर किसलेल्या चीजचा ढीग. गुजराती मंडळी त्या चकतीला ‘पिझ्झानो रोटलो’ म्हणत, अजूनही म्हणतात. १९९६ साली परदेशी कंपन्यांनी दिल्ली-बंगळुरूकडे पिझ्झ्याची दुकाने थाटली आणि यथावकाश ती लाट आमच्याही शहरी येऊन पोहोचली. आम्ही तिच्यापासून अंतर राखून होतो. निवृत्तीनंतर आपण स्वतः परातीत मैदा तिंबू आणि तो फुगला की नाही हे दर दहा मिनिटांनी फडके उचलून पाहू, असे भाकीत त्या वेळी कोणी केले असते, तर आम्ही त्या कागदावर ‘नस्ती बंद करावी’ असा शेरा मारला असता.

गेल्या वर्षीच्या जून महिन्यात आमचा नऊ वर्षांचा नातू आमच्याकडे राहावयास आला. चिरंजीव बंगळुरूस नोकरीला; सूनबाईंना त्यांच्या कंपनीने दहा महिन्यांसाठी जर्मनीस पाठविले, आणि चिरंजीवांचे काम महिन्यातून निम्मे दिवस फिरतीचे. तेव्हा मुलाने चौथीचे वर्ष बडोद्यास आजी-आजोबांकडे काढावे असे ठरले. सूनबाई म्हैसूरकडच्या, कन्नडभाषक. घरात नवरा-बायको आपापसांत इंग्रजीत बोलतात. त्यामुळे मुलाला मराठी कळे, पण बोलण्याची सवय नव्हती. पहिल्या महिन्यात त्याच्या तोंडून आम्ही मराठीतला एकच शब्द ऐकला असेल : ‘नको’.

मुलगा हट्टी नव्हता. ताटातल्या पोळीचा एक तुकडा मोडी, वरणभाताचे चार घास घेई, ‘नको’ म्हणे आणि ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवी. तो रडला-ओरडला असता तर समजूत काढता आली असती. या सभ्य नकारापुढे काय करावे ते सुचेना. आमच्या सौ.ने थालीपिठे लावली, गुळाच्या पोळ्या केल्या. शेजारच्या बेनने एक दिवस ढोकळा, एक दिवस हांडवो पाठविला. त्या सगळ्यांची चव घेतली गेली आणि ताट मोरीत गेले. तीन-चार आठवड्यांत पोराचे गाल बसले. रात्री जर्मनीहून आईचा फोन आला की तो नीट जेवल्याचे सांगे, आणि सांगताना आमच्याकडे पाहत नसे. त्या वेळी सौ. उठून आत जाई.

जुलैतल्या एका रविवारी अखेर दुकानातून पिझ्झा मागविला. त्याने दोन तुकडे मनापासून खाल्ले, आणि मग रिकाम्या खोक्याकडे पाहत इंग्रजीत म्हणाला, की बंगळुरूला आई दर शनिवारी घरी पिझ्झा करते; इथे ओव्हन नाही, म्हणून इथे होणार नाही. स्वरात तक्रार नव्हती. पाऊस पडतो आहे असे सांगावे, तसे त्याने ते सांगितले.

ओव्हन आणावा असे आम्ही सुचविले. आमचे दांडिया बाजारातले घर जुने, स्वयंपाकघर चिंचोळे आणि विजेच्या तारा घराला शोभतील अशाच. तरी करता आले असते. सौ.ने मात्र प्रस्ताव तिथल्या तिथे फेटाळला. “ओव्हनवाचून काय अडलंय? खाली विस्तव, वर विस्तव. आणखी काय असतं त्या पेटीत?”

हे वाक्य तिने सहज उच्चारले, पण आम्ही त्यावर पुढे बरेच दिवस विचार करीत राहिलो. पिझ्झ्याचे माहेर म्हणजे इटलीतले नापोली शहर. तिथली लाकडाची भट्टी घुमटाकार असते. तिची फरशी तापून पिठाला खालून चटका देते आणि तापलेला घुमट वरून धग सोडतो. युरोपीय संघाने २०१० साली नापोलीच्या पिझ्झ्याची पारंपरिक कृती नियमबद्ध केली. तीत फरशीचे तापमान सुमारे ४८५ अंश, घुमटाचे सुमारे ४३० अंश आणि भाजण्याचा अवधी ६० ते ९० सेकंद असा दिला आहे. घरगुती विजेचा ओव्हन बहुधा २५० अंशांच्या पुढे जात नाही. म्हणजे ज्याच्या घरी ओव्हन आहे तोही नापोलीच्या अर्ध्या वाटेवरच असतो. उलट गॅसवर दहा मिनिटे तापविलेला जाड लोखंडी तवा त्या ओव्हनच्या पुढे सहज जातो. उणीव असते ती फक्त वरच्या विस्तवाची.

आणि वरचा विस्तव आपल्याकडे अपरिचित कधी होता? सौ.ची आजी रत्नागिरीकडची. तवशाचे धोंडस करताना ती पातेल्यावर परात झाकी आणि परातीत निखारे रचून ठेवी. कोबीच्या भानोळ्याचीही रीत तीच. गोव्याकडच्या वाचकांना बेबिंकेविषयी आम्ही काय सांगावे? एकेक थर ओतायचा आणि वरच्या आगीने भाजून काढायचा, हे धैर्याचे काम त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. हैदराबादकरांची दमाची हंडीही त्याच गोत्रातली. आम्ही स्वतः १९८४ साली दाहोदला होतो. दाहोद तेव्हा पंचमहाल जिल्ह्यात मोडे. दुष्काळी कामांच्या पाहणीसाठी आसपासच्या पाड्यांवर फिरताना तिथल्या भिल्ल बांधवांनी आम्हांस कितीदा तरी दाळ-पानिये खाऊ घातले. मक्याच्या पिठाची जाड चकती पानांमध्ये लपेटायची, खाली पेटत्या गोवऱ्या, वर पेटत्या गोवऱ्या. पान जळून काळे पडते आणि आतून खरपूस, धुरकट वासाची भाकर निघते. त्या वेळी तिला कोणी पिझ्झा म्हटले नाही एवढेच.

भट्टी ही घरात नसून गल्लीत असते, अशीच आमच्या लहानपणी समजूत होती. दिवाळीच्या आधी तूप, साखर, मैदा घेऊन आम्ही आईबरोबर बेकरीत जात असू. तिथे पत्र्याच्या तबकांत नानकटाई रचून भट्टीत जाई आणि गरम डबा मांडीवर घेऊन आम्ही परत येत असू. केक मात्र घरी होई, तोही वाळूवर. जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर वाळू, तिच्यावर अडणी, अडणीवर केकचे भांडे.

सौ.च्या मनगटांना संधिवाताने धरल्यापासून मळणे, तिंबणे तिला जमत नाही. त्यामुळे ती खुर्चीवर बसून सूचना देणार, आम्ही पीठ मळणार आणि नातू चीज किसणार, अशी कामाची वाटणी झाली. चाळीस वर्षे कार्यालयातील कामाची वाटणी केली, पण इतकी निर्विवाद वाटणी क्वचितच झाली असेल.

प्रमाण असे. मैदा पाव किलो, कोमट पाणी १६० मिलिलीटर, कोरडे यीस्ट पाऊण चहाचा चमचा, साखर एक चमचा, मीठ एक चमचा, तेल एक मोठा चमचा. पाण्यात साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवावे. वर फेस आला तर यीस्ट जिवंत आहे असे समजावे, न आल्यास पुढे जाऊ नये. मग मैद्यात मीठ आणि ते पाणी घालून दहा मिनिटे मळावे, शेवटी तेल. पीठ पुरणपोळीच्या कणकेइतके सैल नको आणि पुरीच्या पिठासारखे घट्टही नको. बोटाने दाबले तर खळगा हळूहळू भरून यावा. पुढचे काम हवेचे. पुस्तकांत दीड तास सांगितलेला असतो, पण तो थंड मुलखाचा हिशोब. बडोद्याच्या उन्हाळ्यात पाऊण तासात पीठ दुप्पट होते, जानेवारीत दोन तास लागतात. एवढ्या पिठाचे सात इंची तीन पिझ्झे होतात.

टोमॅटोचा रस हा या कृतीतला नाजूक भाग. झाकणाखाली वाफ कोंडणार असते, त्यात रसही पातळ असला तर वरचा भाग ओला राहतो. म्हणून अर्धा किलो टोमॅटो उकडून, साले काढून, वाटून, जेमतेम एक वाटी उरेपर्यंत आटवावेत. इटालियन ओरेगॅनोसाठी दुकानात जाण्याची गरज आम्हांस पडली नाही. आमच्या गॅलरीत कुंडीत पानांचा ओवा आहे. त्याची दोन पाने चुरडून घातली की नातवाच्या मते वास ‘सेम’ येतो. हे त्याचे मत शास्त्रालाही धरून आहे, कारण ओरेगॅनोच्या वासामागची द्रव्ये ओव्याच्या कुळातही सापडतात. चीज मात्र मोझरेलाच हवे. आणंद आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. १९४६ साली तिथे खेडा जिल्ह्याच्या दूधउत्पादकांनी आपला सहकारी संघ उभारला, त्याची फळे आम्ही घरबसल्या खात असतो, तेव्हा चीजची वानवा नाही. डब्यातले साधे चीज वितळते, पण त्याची तार निघत नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलाला चवीपेक्षा तारेचे मोल अधिक असते.

पहिले काही शनिवार तव्यावर गेले. तव्याची युक्ती अशी : पोळी जाडसर लाटून मध्यम आचेवर एक बाजू दोन मिनिटे भाजावी, उलटावी, आणि त्या भाजलेल्या बाजूवर रस, चीज, सिमला मिरची वगैरे मांडून, आच अगदी मंद करून, खोलगट झाकण घालावे. झाकण किंचित कलते ठेवावे, म्हणजे वाफ निघून जाते. सहा-सात मिनिटांत चीज वितळते. खालची बाजू कुरकुरीत होते, वरची मात्र पांढरीच राहते. भट्टीतून निघालेल्या पिझ्झ्यावर तपकिरी ठिपके असतात ते येत नाहीत, कारण चीज वितळण्यास थोडी धग पुरते, पण तपकिरी होण्यास फार मोठी लागते. सौ.ने त्यावर आजीचा उपाय काढला. दुसरा लोखंडी तवा शेजारच्या शेगडीवर धूर निघेपर्यंत तापवायचा आणि शेवटच्या दोन मिनिटांत झाकण काढून त्याच्या जागी तो सांडशीने धरून ठेवायचा, पिझ्झ्यापासून बोटभर वर. ठिपके आले! त्या दिवशी नातू प्रथमच ताट घेऊन मोरीकडे न जाता ओट्यापाशी परत आला आणि म्हणाला, “अजून.”

तापलेला तवा मुलाच्या डोक्यावरून फिरविणे आम्हांस प्रशस्त वाटेना. ही अडचण शेजारच्या बेनने सोडविली. “ओव्हननी शी जरूर छे, काका? हांडवानुं कूकर छे ने!” असे म्हणून तिने आपले भांडे आणून ओट्यावर ठेवले. गुजरातबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे, की हांडवो हा आंबविलेल्या डाळ-तांदळाचा, दुधी घातलेला, तिळाच्या फोडणीचा जाड खमंग पदार्थ, आणि त्यासाठी इथे घरोघर ॲल्युमिनियमचे एक खास भांडे असते. तळाला उथळ थाळी, तीत वाळू. तिच्यावर मुख्य भांडे. त्यावर घुमटी झाकण, झाकणाला वाफ निघण्यासाठी भोके. आमच्या लहानपणीचे वाळूचे पातेलेच, पण अधिक विचार करून घडविलेले. वाळू स्वतः सावकाश तापते आणि धग सावकाश, सारखी पसरविते. त्यामुळे तळ करपण्याआधी भांड्यातली हवा पुरेशी तापून वरची बाजू भाजण्यास अवधी मिळतो. दहा मिनिटे रिकामे भांडे झाकून तापवावे, मग तेल लावलेल्या थाळीत थोडा रवा भुरभुरून तीवर पिझ्झा ठेवावा आणि पंधरा मिनिटे झाकण उघडू नये. ही शेवटची अट पाळणे सर्वांत कठीण. तव्यावरचा पिझ्झा कुरकुरीत, तर वाळूवरचा पावासारखा जाळीदार आणि मऊ होतो. आम्हांस तव्यावरचा आवडे. नातवाने कौल वाळूला दिला आणि नावही तेच ठेवले : वाळूचा पिझ्झा.

बेनकडे स्वतःचा एक निराळा प्रकार होता, भाखरी-पिझ्झा. इथे शब्दाने घोटाळा होतो. गुजराती भाखरी गव्हाच्या जाडसर पिठाची, मोहन घालून दाबून दाबून भाजलेली, बिस्किटासारखी खुसखुशीत. आपल्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीशी तिचे फक्त नावाचे नाते. तिच्यावर रस आणि चीज घालून तीन मिनिटे झाकले की झाले. यीस्ट नको, थांबणे नको. घाईच्या दिवशी हाच प्रकार चांगला, असे आमचे मत आहे.

श्रावणात शीतळा सातम आली. त्या दिवशी इथल्या घरांत चूल पेटत नाही; आदल्या दिवशी, रांधण छठीला, केलेले थंड अन्न खातात. बेनने ठेपले आणि वडे पाठविले. नातवाने विचारले, मग पिझ्झाही आदल्या दिवशी करून ठेवला तर? आम्ही दोन जास्त केले, त्यातला एक कांदा-लसूण न घालता. सातमीच्या सकाळी थंडगार, चीज घट्ट झालेला पिझ्झा बेनच्या घरी गेला. तिच्या सासूबाईंनी तो चार तुकडे करून सर्वांना वाटला, आणि ‘टाढो पण सारो’ असा निरोप आला, म्हणजे गार असला तरी चांगला.

या सर्व काळात एक गोष्ट आमच्या नकळत घडत होती. स्वयंपाकघरात इंग्रजीचा काही उपयोग होईना. सौ. म्हणे, “परात पुढे कर, पीठ झाक, कडा उचलून बघ, सांडशी दे, उलथणं नको, सांडशी.” यांतल्या प्रत्येक शब्दाबरोबर एक वस्तू हातात येई. ऑगस्टपर्यंत क्रियापदे आली : मळ, लाट, उलट, पसर, थांब. सप्टेंबरात पहिले पुरे वाक्य आले : “आजोबा, मी टमाटे सुधारले.” आमच्या घरी भाजी ‘सुधारतात’. गुजरातीत शाक सुधारतात, आणि चार पिढ्यांच्या शेजारात तो शब्द आमच्या ओट्यावर येऊन बसला आहे. आम्हांस तो कधी खटकला नाही. मुलाच्या तोंडून ते वाक्य ऐकले तेव्हा तर सौ. पदराने डोळे पुसत कांद्याला दोष देत होती, आणि त्या दिवशी कांदा सुधारलेलाच नव्हता.

दिवाळीत आमचा भाचा पुण्याहून सहकुटुंब आला. हुशार मुलगा, इंजिनियर, खाण्यापिण्याचा शौकीन. घरी मोठा ओव्हन आणि त्यात ठेवण्यासाठी दगडाची खास फरशी बाळगून आहे. वाळूचा पिझ्झा त्याने चवीने खाल्ला आणि मग म्हणाला, “मामा, चव उत्तम आहे. पण याला पिझ्झा नका म्हणू. भट्टी नाही, तो पिझ्झा नव्हे. फार तर पिझ्झ्यासारखं काहीतरी.” आम्ही त्याला नापोलीचीच गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धाने ते शहर उद्ध्वस्त झाल्यावर भट्टी पेटविणे कित्येकांना परवडेना, तेव्हा तिथल्या बायका दारात कढई ठेवून पिझ्झा तेलात तळून विकू लागल्या. तळलेला पिझ्झा तिथे आधीही होता, पण त्या दिवसांत तो गरिबांचा आधार झाला. आणि आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या, अशी उधारीही चाले. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९५४ सालच्या ‘लोरो दि नापोली’ या चित्रपटात सोफिया लॉरेन तोच पिझ्झा विकते, आणि तिची हरवलेली अंगठी कणकेत पडली असावी म्हणून नवरा-बायको एकेका गिऱ्हाइकाच्या दारी जातात. नापोलीच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला २०१७ साली युनेस्कोच्या वारसायादीत गेली. पण त्याच गावच्या त्या कढईला नापोलीकर आजही परके मानत नाहीत. भाच्याने ऐकून घेतले. “तळलेला पिझ्झा निराळा, त्याला ते तळलेला म्हणतात. तुम्हीही याला नाव निराळं द्या, एवढंच माझं म्हणणं,” असे तो म्हणाला. हा मुद्दा अगदीच निराधार नव्हता, हे आम्ही येथे नोंदवून ठेवतो. सौ. एवढेच म्हणाली, “नाव पोरानं कधीच ठेवलंय.”

तेवढ्यावर थांबते तर बरे होते. नातू उत्साहाने पुढे आला आणि भाच्याला सांगू लागला, “काका, टमाटे मी सुधारले.” भाचा खळखळून हसला. “का रे, बिघडले होते का?” सगळी मंडळी हसली. भाच्याच्या मनात काडीचेही वाईट नव्हते, आणि बडोद्याच्या मराठीची अशी थट्टा आम्ही पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून जन्मभर ऐकत आलो आहोत. तिचे आम्हांस काही वाटेनासे झाले आहे. पण मुलाला विनोद कळला नाही. आपण काहीतरी चुकीचे बोललो एवढेच त्याला कळले. रात्री जेवताना सौ.ने विचारले, “अजून वाढू?” तो इंग्रजीत नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशीही इंग्रजीच. पाहुणे गेले, भाऊबीज झाली, शाळा सुरू झाली, तरी तो आमच्याशी इंग्रजीत आणि गल्लीतल्या मुलांशी गुजरातीत बोले. ‘नको’देखील गेले. आम्ही भाच्याला फोन केला. त्याला खरोखरच वाईट वाटले. तो मुलाशी बोलतो म्हणाला. आम्ही नको म्हटले. मुलापाशी तो विषय सौ.ने काढला नाही आणि आम्हांसही काढू दिला नाही. तिने फक्त शनिवारी परात काढून ठेवली.

दोन शनिवार तो मुकाट्याने चीज किसून निघून गेला. तिसऱ्या शनिवारी आम्ही दुसरे पीठ मळण्यात गुंतलो होतो, सौ. देवघरात होती, भांडे शेगडीवर. वाळू बरीच जुनी होऊन काळवंडली होती आणि थाळीत एका बाजूस सरकली होती, त्यामुळे एका बाजूने तळ उघडा पडला. आम्हांस वास आला नाही. वयानुसार आमचे नाक मंद झाले आहे. ओसरीवरून मुलगा धावत आत आला. “आजी! खालून करपतंय! आजी, करपतंय!” सौ. तशीच उठून आली. गॅस बंद झाला, झाकण निघाले, पिझ्झ्याची एक कड कोळसा झाली होती. त्या काळ्या कडेचा तुकडा त्यानेच मोडून बाजूला ठेवला आणि म्हणाला, “हा भाग सुधारायला पाहिजे.” या वेळी हसणारे आम्ही तिघेच होतो, आणि त्यात सर्वांत मोठ्याने तो हसला.

वाळू बदलणे आवश्यक होते. जानेवारीत आम्ही त्याला घेऊन चांदोदला गेलो. तिथे ओरसंग नदी नर्मदेला मिळते. घाटावरच्या मंडळींना आम्ही दोन वाट्या वाळू कशासाठी नेत आहोत ते सांगितले, तेव्हा एका नावाड्याने ती स्वतःच्या हाताने नदीच्या पाण्यात तीनदा धुऊन दिली. घरी आणून ती चाळली, पुन्हा धुतली, गच्चीवर दोन दिवस उन्हात वाळविली. बेनचे भांडे तिला नव्या वाळूसह परत केले आणि मंगळ बाजारातून आमचे स्वतःचे एक घेतले.

सूनबाई एप्रिलमध्ये परत आल्या आणि मुलाला न्यावयास बडोद्याला आल्या. चार दिवस राहिल्या. त्यांनी मुलाचे वजन करून पाहिले. जूनपेक्षा सव्वातीन किलो जास्त भरले. एका संध्याकाळी त्याने आईला पाटावर बसवून पिझ्झा करून दाखविला. मध्येच तिच्याकडे हात करून म्हणाला, “सांडशी.” तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही बोलणार होतो, पण सौ.ने डोळ्यांनी खुणावले. मुलाने उठून सांडशी आणली, तिच्या हातात दिली आणि शब्द पुन्हा म्हटला. सूनबाईंनी तो दोनदा म्हणून पाहिला.

निघण्याच्या दिवशी सामान बांधताना त्याने वाळू मागितली. विमानात वजनाची मर्यादा, त्यात बंगळुरूच्या घरी चांगला ओव्हन. सूनबाईंनी त्याला समजावले की वाळू तिकडेही मिळते. ते खरेच आहे. सौ.ने तेवढ्यात जुन्या धोतराच्या फडक्यात वाटीभर वाळू बांधून पुरचुंडी त्याच्या दप्तरात घातली होती. सूनबाईंनी ती पाहिली, उचलून वजनाचा अंदाज घेतला, आणि पुन्हा दप्तरात ठेवून चेन लावली.